घरासाठी वाफेची इस्त्री निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या घरी पाच माणसांचे कपडे गेली बावीस वर्षं मी स्वतः इस्त्री करते. या काळात एक साधी आणि तीन वाफेच्या इस्त्र्या वापरून झाल्या. सोसायटीतल्या मैत्रिणी, भाचरं, नव्याने संसार मांडणारी मुलंमुली इस्त्री घेण्याआधी जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. चांगली इस्त्री दुकानात ठरत नाही, घरात ठरते. भिंतीवरचा प्लग, टाकीत भरायचं पाणी आणि कपाटातले कपडे या तीन गोष्टी नीट बघा, मगच बाजारात जा.

मला वाफेची इस्त्री खरंच लागेल का?

कपाट उघडून बघा. सुती शर्ट, खादीचे कुर्ते, लिनन, सुती साड्या, शाळेचे जाड गणवेश जास्त असतील तर वाफेची इस्त्री घ्याच. हे कपडे कोरड्या इस्त्रीला दाद देत नाहीत, तीन-तीनदा हात फिरवावा लागतो. पण घरात बहुतेक कपडे पॉलिएस्टरचे, रोज एखाद-दुसरा शर्ट आणि बाकीचे लाँड्रीत जात असतील, तर हलकी साधी इस्त्री आणि पाण्याची फवारणीची बाटली पुरते. तिच्यात टाकी नाही, भोकं नाहीत, त्यामुळे बिघडायलाही फार काही नाही. वाफेची इस्त्री आणून वाफेचं बटण कायम बंद ठेवणारी किमान चार घरं मला माहीत आहेत. त्यांनी दिलेले जास्तीचे पैसे वाया गेले, याचं मला वाईट वाटतं.

वाफेने चुण्या जातात, त्या कशा?

सुती धागा सेल्युलोजचा बनलेला असतो. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. कपडा पिळला, चुरगळला आणि तसाच वाळला की हे बंध त्या वाकड्या अवस्थेतच पक्के होतात, तीच चुणी. पाणी आत शिरलं की बंध सैल होतात, उष्णता आणि दाबाने धागा सरळ होतो आणि ओल उडून गेली की बंध नव्या, सरळ जागी पक्के बसतात. म्हणजे ओल, उष्णता आणि दाब हे तिन्ही लागतात. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषतच नाही, म्हणून त्याला वाफेचा उपयोग कमी आणि मंद उष्णतेचा जास्त.

मग पाणी शिंपडून साधी इस्त्री केली तर तेच होत नाही का?

होतं, आणि उत्तम होतं. माझी आई खळ घातलेल्या साड्यांवर हाताने पाणी शिंपडायची, घट्ट गुंडाळी करून पंच्याखाली अर्धा तास ठेवायची आणि मग इस्त्री करायची. त्या अर्ध्या तासात ओल सगळ्या साडीत सारखी पसरायची, म्हणून ती घडी परीटघडीच्या तोडीची व्हायची. वाफेची इस्त्री हाच अर्धा तास वाचवते. सकाळी साडेसातला मुलाचा गणवेश हवा असेल तेव्हा त्याची किंमत कळते.

किती वॉटची घेऊ?

आधी प्लग बघा, मग वॉट. आपल्याकडे घरात दोन तऱ्हेचे सॉकेट असतात: लहान ६ अँपिअरचा आणि मोठ्या जाड छिद्रांचा १६ अँपिअरचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. वीज २३० व्होल्टची. ६ अँपिअरला २३० ने गुणलं की १३८० वॉट येतात. लहान सॉकेटची मर्यादा इतकीच. १२५० वॉटची इस्त्री सुमारे ५.४ अँपिअर घेते, ती लहान सॉकेटवर चालेल. १६०० वॉटची जवळजवळ ७ अँपिअर घेते आणि २००० वॉटची ८.७. या दोन्हींना पॉवर पॉइंटच हवा.

इथे लोक हमखास एक चूक करतात. इस्त्रीचा प्लग मोठा निघतो, बेडरूममध्ये पॉवर पॉइंट नसतो, मग दुकानातून मोठ्याचा लहान करणारं कन्व्हर्टर आणतात. इस्त्री चालते, पण भिंतीतली वायर आणि सॉकेटची पट्टी तापत राहतात. काही दिवसांनी सॉकेट पिवळट पडतो, जळका वास येतो. माझ्या एका मावसबहिणीकडे सॉकेट वितळून प्लगला चिकटला होता. कन्व्हर्टर वापरू नका. इलेक्ट्रिशियनकडून इस्त्रीच्या जागी १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला साजेशी जाड वायर आणि अर्थिंग करून घ्या, किंवा १२५० वॉटच्या आसपासची इस्त्री घ्या.

पॉवर पॉइंट असेल तर मी १६०० ते २००० वॉटच्या दरम्यान घ्यायला सांगते. चार-पाच माणसांच्या घराला त्याहून जास्त लागत नाही.

खोक्यावर ‘ग्रॅम प्रति मिनिट’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

एका मिनिटात किती ग्रॅम पाण्याची वाफ होते, तो आकडा. वाफेच्या इस्त्रीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच, आणि सगळ्यात जास्त फसगतही त्यातच होते. म्हणून थोडा हिशोब मांडते.

२५ अंशाचं एक ग्रॅम पाणी १०० अंशापर्यंत तापवायला सुमारे ३१४ जूल लागतात. त्याची वाफ करायला आणखी सुमारे २२५७ जूल. एकूण साधारण २५७० जूल. म्हणजे मिनिटाला एक ग्रॅम वाफ सतत हवी असेल तर सुमारे ४३ वॉट खर्ची पडतात. मिनिटाला २० ग्रॅमला ८६० वॉट, ३० ग्रॅमला १२८५ वॉट आणि ४० ग्रॅमला १७०० च्या पुढे. आता एखाद्या १२५० वॉटच्या इस्त्रीवर ‘सतत वाफ ४० ग्रॅम’ लिहिलेलं असेल तर समजून जा. सगळी वीज फक्त वाफेवर घालवली तरी तिला २९ ग्रॅमच्या पुढे जाता येणार नाही, आणि कपडा तापवायलाही उष्णता लागतेच.

‘स्टीम बूस्ट’ किंवा ‘वाफेचा झोत’ म्हणून जो शंभरच्या पुढचा मोठा आकडा छापतात, तो क्षणभराचा असतो. तापलेल्या तळात साठलेली उष्णता एकदम वापरून तो झोत निघतो. जीन्सच्या शिवणीवर, लिननच्या हट्टी चुणीवर त्याचा खरा उपयोग आहे. पण चार-पाच झोत लागोपाठ मारले की तळ थंडावतो आणि पाणी ठिबकायला लागतं. तुलना करताना सतत वाफेचाच आकडा धरा. माझ्या अनुभवात सुती शर्टांना २० ते २५ ग्रॅम छान पुरतात. जाड लिनन आणि पडद्यांसाठी ३० च्या पुढे बघा.

त्याच हिशोबाने टाकीही बघून घ्या. ३०० मिलिलीटरची टाकी मिनिटाला २० ग्रॅमने पंधरा मिनिटांत रिकामी होते.

गावाकडे व्होल्टेज कमी असतं, तिथे चालेल का?

चालेल, पण कमी जोराने. व्होल्टेज थोडं उतरलं तरी उष्णता बरीच उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील तर २००० वॉटची इस्त्री सुमारे १२२५ वॉटचंच काम करते. वाफ कमी पडते, तळ हवा तितका तापत नाही आणि भोकांतून पाणी टपकतं. संध्याकाळी दिवे मंदावणारं गाव असेल तर तिथे जड तळाची साधी इस्त्री ठेवा. माझ्या सासरी आम्ही तेच केलं आहे.

इन्व्हर्टरवर चालवू का?

नाही. घरगुती इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांसाठी असतो. हजार वॉटच्या वरची कुठलीही इस्त्री त्याला झेपत नाही.

तळ कोणता चांगला: नॉनस्टिक, सिरॅमिक की स्टील?

नॉनस्टिक तळ नवीन असताना लोण्यासारखा सरकतो, पण जीन्सची चेन, हूक, बटणं यांनी ओरखडतो आणि ओरखडा पडला की तिथे नाजूक कपडा अडकतो. सिरॅमिक लेप छान सरकतो, पण इस्त्री पडली किंवा आपटली की टवका उडू शकतो. स्टीलचा तळ ओरखडे बराच सोसतो आणि घासून साफ करता येतो. शाळकरी मुलांच्या घरात, जिथे पट्ट्याचे बक्कल आणि चेनवरून इस्त्री जातेच, तिथे मी स्टील सुचवते. साड्या आणि ओढण्या जास्त असतील तर चांगला सिरॅमिक. तळाला किती भोकं आहेत यावर फार जाऊ नका. ती टोकाशी आहेत का, एवढं बघा, कारण कॉलर आणि बटणपट्टीवर टोकच काम करतं.

टाकीत कुठलं पाणी घालू?

हा प्रश्न शेवटी विचारला जातो आणि पहिल्यांदा विचारायला हवा. माझी पहिली वाफेची इस्त्री आठ महिन्यांत गेली ती पाण्यामुळेच. दुकानदाराने सांगितलं होतं, ‘कुठलंही पाणी चालतं, ताई.’ आमच्या शहराला पाणी जायकवाडीहून येतं, पण नळाला ते रोज येत नाही, मधले दिवस बोअर आणि टँकरवर काढावे लागतात. मी बोअरचं पाणी घालत राहिले. आधी वाफ कमी झाली, मग भोकांतून पांढरे कण पडायला लागले आणि एका सकाळी यजमानांच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी ओघळ उमटला. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही.

कारण सोपं आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच हा. इस्त्रीत तर पाण्याची वाफ होऊन जाते आणि सगळे क्षार आतच राहतात. प्रत्येक टाकीबरोबर थर वाढतो.

घरचं पाणी कसं आहे ते ओळखायची साधी रीत सांगते. स्वच्छ घासलेल्या स्टीलच्या पातेल्यात कपभर पाणी घ्या, मंद आचेवर पूर्ण आटवा. तळाला नुसता पुसट डाग राहिला तर पाणी मऊ आहे. हाताला लागणारी पांढरी पूड राहिली तर ते पाणी इस्त्रीत घालू नका. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांचं किंवा पुण्याला खडकवासल्याचं नळाचं पाणी मिळत असेल, तर ते पावसाचं साठवलेलं पाणी बहुतेक वेळा मऊच निघतं. पण त्याच पुण्यात टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत, तिथे ही परीक्षा अवश्य करा.

पाणी जड असेल तर घरच्या आरओचं पिण्याचं पाणी वापरा. मी तेच वापरते. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही नको, त्यात क्षार उलट जास्त साठलेले असतात. डिस्टिल्ड पाणी काही कंपन्या निव्वळ चालवून घेतात, काही नळाच्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळायला सांगतात. तुमच्या माहितीपुस्तिकेत काय छापलं आहे ते बघा. बॅटरीसाठी म्हणून मिळणारं पाणी आणताना डबा वाचा, बॅटरीचं ॲसिड त्याच फळीवर ठेवलेलं असतं. एसीतून ठिबकणारं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात धूळ आणि बुरशी असते, ते नको. मीठ घालून चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही बहुतेक कंपन्या नको म्हणतात, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि विरघळलेला भार तसाच राहतो.

पाण्यात अत्तर, खळ किंवा व्हिनेगर घातलं तर?

काहीही घालू नका. अत्तर आणि खळ आत करपतात, भोकं बुजतात. व्हिनेगरबद्दल मोबाईलवर बरेच व्हिडिओ फिरतात, पण अनेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत त्याला स्पष्ट मनाई करतात, कारण आम्लाने आतला धातू आणि लेप खराब होतो. खळ हवी असेल तर ती कपड्याला घाला, कपडा वाळवा आणि मग इस्त्री करा.

‘सेल्फ क्लीन’ म्हणजे इस्त्री आपोआप साफ होते का?

आपोआप नाही, तुम्ही करायची असते. टाकी भरा, वाफ बंद ठेवून नॉब सगळ्यात जास्त उष्णतेवर न्या, इस्त्री पुरती तापली की प्लग काढा. मोरीत किंवा सिंकवर आडवी धरून सेल्फ क्लीनचं बटण दाबून ठेवा आणि इस्त्री मागेपुढे हलवा. उकळतं पाणी, वाफ आणि त्याबरोबर क्षाराचे कण बाहेर पडतील. हात आणि चेहरा लांब ठेवा. नंतर पुन्हा तापवून जुन्या सुती फडक्यावर फिरवा. मऊ पाणी असेल तर महिन्यातून एकदा, जड असेल तर दोनदा. हे बटण नसलेली वाफेची इस्त्री जड पाण्याच्या गावात घेऊच नका.

इस्त्रीतून पाणी गळतं, बिघडली का?

दहातल्या आठ वेळा नाही. नॉब एक ठिपक्यावर असताना वाफ चालू केली असेल, इस्त्री तापायच्या आधी घाई केली असेल किंवा टाकी खुणेच्या वर भरली असेल. तळ पुरेसा तापलेला नसेल तर त्यावर पडलेल्या थेंबाची वाफ होत नाही, तो तसाच खाली येतो. दिवा विझेपर्यंत थांबा, मगच वाफ चालू करा. ‘ड्रिप स्टॉप’ नावाची सोय असलेल्या इस्त्रीत तळ थंड असताना पाण्याची वाट आपोआप बंद होते. रेशीम वापरणाऱ्यांनी ती असलेलीच घ्यावी.

नॉबवरचे एक, दोन, तीन ठिपके म्हणजे काय?

कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीचं चित्र आणि त्यात हेच ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे तळाचं तापमान जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉन, ॲक्रिलिकला एक. रेशीम, लोकर, व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर-सुती मिश्रणाला दोन. सुती आणि लिननला तीन. निव्वळ पॉलिएस्टर एकवर सुरू करा, नाही जमलं तर थोडं वाढवा.

कामाचा क्रमही यावरूनच ठरतो. मंद उष्णतेचे कपडे आधी, सुती शेवटी. इस्त्री तापते पटकन पण निवते सावकाश, आणि उलटा क्रम लावला की ओढणी जळते.

पैठणीला वाफेची इस्त्री चालेल का?

पैठण आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दर लग्नसराईत येतो. वाफ देऊ नका. रेशमावर पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची कड उमटते, आणि जरीच्या धातूला ओल मानवत नाही. वाफ बंद, नॉब एक ते दोन ठिपक्यांच्या मध्ये, वर स्वच्छ पांढरं मलमल, आणि इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवत जायची.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाकीच्या साड्यांबद्दल ‘उलट्या बाजूने करा’ असं सांगतात. पण हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मोर आणि कमळं उलट-सुलट एकसारखी. म्हणून तिथे कुठलीच बाजू इस्त्रीला उघडी द्यायची नाही, खाली आणि वर दोन्हीकडे मलमल हवं. पदरावर भार तर अजिबात नको. खरं तर पैठणीला इस्त्रीपेक्षा घडी बदलत ठेवणं जास्त मानवतं, वर्षातून तीन-चारदा नव्या जागी घडी घाला.

हिमरूची, म्हणजे आमच्याकडच्या सुती-रेशमी नक्षीदार विणीची, शाल असेल तर आणखी जपा. तिच्या मागच्या बाजूला रेशमाचे सुटे धागे तरंगत असतात. इस्त्रीचं टोक त्यात अडकलं की नक्षी ओढली जाते. कापड मध्ये ठेवूनच हात लावा.

वजनदार चांगली की हलकी?

वाफेच्या इस्त्रीत ओल आणि उष्णता काम करतात, म्हणून धोब्याच्या जड इस्त्रीइतका दाब लागत नाही. रिकामी असताना एक ते सव्वा किलोची घ्या. पाणी भरलं की तिचं वजन पावशेराने वाढतं, हे विसरू नका. मनगट किंवा खांदा दुखत असेल तर हाच मुद्दा सगळ्यांत वर ठेवा. आमच्या सासूबाईंसाठी आम्ही वाफेचा आकडा थोडा कमी पत्करला, पण हलकी घेतली. त्या अजूनही स्वतःच्या साड्या स्वतः करतात.

आपोआप बंद होणारी घ्यावी का?

घरात लहान मुलं, विसरभोळी किंवा वयस्कर माणसं असतील तर जास्तीचे पैसे इथे घाला. अशा इस्त्र्या साधारणपणे आडव्या राहिल्या तर ३० सेकंदांत आणि उभ्या राहिल्या तर ८ मिनिटांत बंद होतात. साध्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट हे काम करत नाही, तो फक्त ठरलेलं तापमान राखतो. विसरलेली इस्त्री दिवसभर तापून-निवून चालूच राहते.

उभा गारमेंट स्टीमर घेतला तर इस्त्री लागणार नाही ना?

लागेल. स्टीमरमध्ये ओल आणि उष्णता आहे, दाब नाही. कुर्ती, भरतकामाचा ब्लाउज, अनारकली, टांगलेले पडदे यांना तो सुरेख. पण शर्टाची कॉलर, पँटची धार, सुती साडीची कडक घडी त्याने होत नाही. एकच घ्यायचं असेल तर उभी धरूनही वाफ देणारी इस्त्री घ्या, दोन्ही कामं निभतात. मोठी टाकी वेगळी असलेली आणि नळीने वाफ देणारी स्टीम स्टेशन शिवणकाम किंवा बुटीकवाल्यांसाठी ठीक. घरात ती जागा अडवते.

अमेरिकेतल्या मुलाने तिथून इस्त्री आणली तर?

आणू देऊ नका. तिथे १२० व्होल्ट असतात. तिथली १५०० वॉटची इस्त्री आपल्या २३० व्होल्टला लावली तर ती साडेपाच हजार वॉटच्या आसपास ओढू पाहील आणि काही क्षणांत जळेल. उलट इथली इस्त्री तिकडे नेली तर ती जेमतेम पाव जोराने चालेल, नुसती कोमट राहील. प्रवासासाठी मिळणारी, दोन्ही व्होल्टेजची खूण छापलेली छोटी इस्त्री तेवढी दोन्हीकडे चालते. तिच्यावर व्होल्टेजची कळ असेल तर ती आधी फिरवायची.

दुकानात काय तपासू?

आयएसआयची खूण आधी. इस्त्रीला ती आपल्याकडे सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आणि चालू आहे का ते दिसतं. ऑनलाइन अनोळखी नावाची स्वस्त इस्त्री दिसली तर हे करायलाच हवं.

मग इस्त्री हातात घ्या. मूठ तुमच्या हाताला बसते का, बोटं तळाच्या फार जवळ येत नाहीत ना, नॉब चश्म्याशिवाय वाचता येतो का, पाणी घालायचं तोंड पुरेसं मोठं आहे का, टाकी पारदर्शक आहे का. उभी ठेवून हलकं ढकलून बघा, डगमगते का. वायर किमान दोन मीटर, मुळाशी सगळीकडे फिरणारी हवी. वायर तुटते ती बहुतेक तिथेच. दुकानदाराला टाकीत पाणी भरून द्यायला सांगा आणि दोन मिनिटं हवेत फिरवा, खरं वजन तेव्हाच कळतं. आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का ते विचारा. आमच्या शेजारी एका इस्त्रीची हमी दोन वर्षांची होती, पण ती दुरुस्तीला पुण्याला पाठवावी लागायची. शेवटी कोणी पाठवलीच नाही.

वीजबिल किती वाढेल?

२००० वॉटची इस्त्री अर्धा तास अखंड तापत राहिली तर एक युनिट. थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी लागतं. रोज एकेक कपडा करण्यापेक्षा आठवड्याचे एकदम केले तर दरवेळी नव्याने तापवायचा खर्च वाचतो.

पलंगावर चादर टाकून केली तर चालेल का?

साध्या इस्त्रीला निभतं, वाफेच्या इस्त्रीला नाही. वाफ कपड्यातून आरपार जायला हवी. खाली गादी असेल तर ती वाफ गादीत मुरते, गादी ओलसर होते आणि कपडाही दमट राहतो. जाळीचा इस्त्री-टेबल सगळ्यात चांगला. नसेल तर साध्या लाकडी टेबलावर घोंगडी आणि तिच्यावर जुनी सुती चादर, आणि दर पाच-सात कपड्यांनी चादर उलटी करा.

पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे वाफेच्या इस्त्रीने वाळवता येतील का?

नाही, आणि तसं करूही नका. वाफेने ओल वाढते. तेव्हा वाफ बंद ठेवून कोरडी इस्त्री फिरवा आणि कपडे पंख्याखाली हँगरला अडकवून ठेवा. एरवीही वाफेची इस्त्री झालेला कपडा पाच-दहा मिनिटं मोकळा ठेवूनच कपाटात ठेवावा, नाहीतर श्रावणात सगळ्या कपाटाला कुबट वास येतो.

तळाला काळं चिकटलं आहे, कसं काढू?

बहुतेक वेळा ते करपलेली खळ किंवा वितळलेलं सिंथेटिक असतं. इस्त्री थोडी कोमट करा, प्लग काढा आणि ओल्या जाड सुती फडक्यावर पुन्हा पुन्हा फिरवा. स्टीलच्या तळाला, पूर्ण थंड झाल्यावर, खाण्याच्या सोड्याची पेस्ट चालते. भोकांत गेलेली पेस्ट काडीने काढा. नॉनस्टिक आणि सिरॅमिकला तारेचा चोथा, चाकू, सँडपेपर काही लावू नका. तापलेल्या इस्त्रीवर तापाची गोळी घासायची पद्धत आपल्याकडे खूप आहे. मी ती सोडून दिली, कारण तो धूर नाकातोंडात जातो आणि बोटं २०० अंशाच्या तळापासून इंचभर अंतरावर असतात.

वाफेने हात भाजला तर?

लगेच नळाच्या साध्या थंड पाण्याच्या धारेखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद नको. वाफ कातडीवर पाणी होताना साठवलेली उष्णता सोडते, म्हणून तिचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो. मोठे फोड आले, चेहरा भाजला किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरकडे जा.

काम झाल्यावर इस्त्री कशी ठेवायची?

वाफ बंद, प्लग काढा, इस्त्री कोमट असतानाच टाकीतलं पाणी ओतून टाका. उरलेल्या उष्णतेने आतला ओलावा उडून जातो. टाकीत पाणी तसंच ठेवलं तर क्षार बसतात आणि पुढच्या वेळी पहिला थेंब तपकिरी पडतो. मग उभी ठेवा आणि वायर पूर्ण निवल्यावरच सैलसर गुंडाळा. आमच्याकडे हे काम आता मुलगा करतो. पाणी ओतलं की नाही ते मी सुरुवातीला रोज विचारायचे, आता विचारावं लागत नाही.